अर्धा ग्रॅम प्लाझ्मा सांभाळताना

‘सूर्य पृथ्वीवर आणणार!’ अणुसंमीलनाच्या, म्हणजे फ्यूजनच्या, बातमीवर हा मथळा ठरलेलाच असतो. मी बारावीला फिजिक्स शिकवतो, आणि हा धडा आला की आधी हा मथळा मुलांच्या डोक्यातून काढावा लागतो. कारण खरा सूर्य ही भट्टी म्हणून फारच मंद आहे. त्याच्या गाभ्यात एक घनमीटर जागेत जेमतेम पावणेतीनशे वॅट उष्णता तयार होते. तेवढ्यावर छताचे तीन-चार पंखे चालतील. तेवढ्याच जागेत माणसं दाटीवाटीने कोंबली तर त्यांच्या अंगातून याहून कितीतरी जास्त ऊब निघेल. सूर्य प्रखर दिसतो तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे. शिवाय इंधन आवळून धरायला त्याच्याकडे स्वतःचं गुरुत्वाकर्षण आहे आणि त्याला कसलीच घाई नाही.

आपल्याला घाई आहे आणि ते गुरुत्वाकर्षणही नाही. म्हणून दोन गोष्टी बदलाव्या लागतात. एक म्हणजे इंधन. साध्या हायड्रोजनऐवजी त्याची दोन जड भावंडं घ्यायची, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. ही एकमेकांत फार लवकर मिसळतात. दुसरी गोष्ट तापमान. सूर्याचा गाभा दीड कोटी अंश सेल्सिअसवर चालतो, आपल्याला साधारण १५ कोटी अंश लागतात. दोन्ही अणुकेंद्रांवर धनभार असल्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. ती भिडावीत इतका वेग त्यांना द्यायचा तर एवढं तापवण्यावाचून इलाज नाही. ती भिडली की हेलियमचं एक केंद्रक आणि एक न्यूट्रॉन तयार होतो. मोकळ्या झालेल्या ऊर्जेचे चार हिस्से न्यूट्रॉन घेऊन जातो आणि एक हिस्सा हेलियमकडे राहतो. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची ठरते.

एवढ्या तापमानाला अणू शाबूत राहत नाही. इलेक्ट्रॉन सुटे होतात, केंद्रकं सुटी होतात आणि विद्युतभारित कणांचा एक लोट उरतो. हाच प्लाझ्मा. आकाशातली वीज प्लाझ्माच, पेटलेल्या ट्यूबलाइटच्या आतही तोच.

वर्गात हमखास प्रश्न येतो, “सर, एवढं तापलेलं असेल तर भांडं वितळणार नाही का?” प्रश्न अगदी रास्त आहे, पण भीती उलट्या बाजूची आहे. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे ‘ईटर’ नावाची जगातली सगळ्यात मोठी फ्यूजन भट्टी उभी राहते आहे. तिच्या पोकळीत प्लाझ्मासाठी सुमारे ८४० घनमीटर जागा आहे आणि तेवढ्या जागेतल्या सगळ्या प्लाझ्माचं वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असेल. चिमूटभर मीठ समजा. आपल्या खोलीतल्या हवेपेक्षा तो काही लाख पट विरळ. असा प्लाझ्मा भिंतीला टेकला की भिंत वितळण्याआधी तोच थंड होतो आणि भट्टी विझते. म्हणून एरवी रोजची काळजी भांड्याची नसते, आतल्या आगीची असते. (भांड्यालाही धोका आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो. त्याकडे वळू.)

आग स्वतःच्या बळावर टिकायला काय लागतं, याचा हिशेब जॉन लॉसन या ब्रिटिश अभियंत्याने १९५५ साली मांडला. तीन गोष्टींचा गुणाकार पुरेसा मोठा हवा: प्लाझ्माची घनता, त्याचं तापमान आणि त्यातली उष्णता टिकण्याचा काळ. या तिसऱ्या गोष्टीत बातम्यांची फार गल्लत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या ‘वेस्ट’ या यंत्राने प्लाझ्मा १,३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून जास्त वेळ, टिकवला. फार मोठं काम आहे ते. पण लॉसनचा काळ तो नव्हे. थर्मासमध्ये चहा भरला, पुन्हा गरम केला नाही, तर तो निवायला किती वेळ लागतो? लॉसनला हा वेळ हवा आहे. खालून गॅस चालू ठेवला तर चहा दिवसभर गरम राहील, त्यावरून थर्मास चांगला की वाईट ते कळत नाही. ईटरमधल्या प्लाझ्माचा हा थर्मास-काळ साधारण साडेतीन ते चार सेकंद असेल अशी अपेक्षा आहे. ऐकायला काहीच नाही, पण तिथवर पोचायला सत्तर वर्षं गेली आहेत.

का गेली, हा खरा विषय आहे. माझं मत असं की यात नुसता पैसा आणि इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणणं शास्त्रज्ञांवर अन्याय आहे. प्लाझ्माची जातच अशी आहे की त्याच्या एका दुखण्यावर औषध शोधलं की त्या औषधातूनच पुढचं दुखणं उभं राहतं.

सुरुवातीपासून बघू. भारित कण चुंबकीय क्षेत्रात सरळ जात नाही, क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत तिच्याच वाटेने पुढे सरकतो. गिरकीचा घेर केंद्रकांसाठी काही मिलिमीटर, इलेक्ट्रॉनसाठी त्याहून खूप लहान. म्हणजे क्षेत्ररेषा हे अदृश्य रूळ झाले. रूळ सरळ ठेवले तर कण दोन्ही टोकांनी निसटतात, म्हणून त्यांचं कडं करायचं, हातातल्या बांगडीसारखं. इथेच पहिलं दुखणं. कड्याच्या आतल्या बाजूला चुंबकांची दाटी होते आणि तिथलं क्षेत्र बाहेरच्या बाजूपेक्षा जोरदार असतं. या फरकामुळे धन कण हळूहळू एका बाजूला, समजा वर, सरकतात आणि ऋण कण खाली. दोघांची फाटाफूट झाली की मध्ये विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते अख्खा प्लाझ्मा बाहेर ढकलून देतं.

औषध म्हणजे दोरीला असतो तसा पीळ. क्षेत्ररेषा कड्याभोवती नुसती फिरवायची नाही, फिरता फिरता वरून खाली, खालून वर न्यायची. मग वर जमलेला भार त्याच रेषेवरून खाली वाहतो आणि फाटाफूट मिटते. हा पीळ द्यायला प्लाझ्मामधूनच प्रचंड वीजप्रवाह सोडायचा, ही कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ इगोर ताम आणि आंद्रेई साखारोव्ह यांनी १९५० च्या सुमारास मांडली. या यंत्राचं नाव टोकामॅक. १९६८ साली रशियनांनी जाहीर केलं की त्यांच्या टी-३ टोकामॅकमध्ये तापमान कोटी अंशांच्या घरात गेलं आहे. पश्चिमेत कोणाचा विश्वास बसेना. ब्रिटनच्याच ‘झीटा’ यंत्राने दहा वर्षांपूर्वी असा मोठा दावा करून तो मागे घेतला होता, त्यामुळे सगळे ताकही फुंकून पीत होते. तेव्हा रशियन टोकामॅक गटाचे प्रमुख लेव्ह आर्त्सिमोविच यांनी ब्रिटिशांनाच बोलावलं. या आणि तुमच्या उपकरणांनी मोजा, म्हणाले. शीतयुद्ध ऐन भरात असताना कल्हमच्या प्रयोगशाळेचे लोक लेझरचं सामान घेऊन मॉस्कोत गेले. १९६९ साली त्यांचं मोजमाप आलं आणि रशियनांचा आकडा खरा ठरला. जगभर टोकामॅक बांधायला सुरुवात झाली ती तिथून. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतला ‘आदित्य’ हा टोकामॅक १९८९ पासूनचा, तोही याच वंशातला.

टी-३ च्या या किश्श्याच्या आधी, १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापराबद्दल संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. मुंबईतून गेलेल्या या माणसाने अध्यक्षीय भाषणात भाकीत केलं की येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मोकळी करण्याची रीत सापडेल. अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ, सगळ्यांचं त्यावरचं काम तेव्हा गुप्त होतं. भाभांनी तो विषय जगासमोर उघड्यावर आणला, हे फार मोठं धैर्य होतं. ते भाकीत चुकलं म्हणून त्यांना भाबडं ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. प्लाझ्मा इतका हट्टी निघेल हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं.

हा हट्ट समजायला शाळेतला एक प्रयोग आठवा. पेला पाण्याने काठोकाठ भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा आणि उलटा करायचा. पाणी पडत नाही, हवेचा दाब ते तोलून धरतो. आता पुठ्ठा काढा. हवेचा दाब तेवढाच आहे, दहा मीटर उंच पाण्याचा खांब पेलायला पुरेल एवढा. तरी पाणी बदकन पडतं. कारण पाण्याच्या पृष्ठभागावर एक बारीकशी लहर उठते. जिथे पाणी जरा खाली झुकलं तिथे ते आणखी झुकतं, जिथे हवा जरा वर शिरली तिथे ती आणखी शिरते आणि पापणी लवायच्या आत सगळं उलटंपालटं होतं. ताकद पुरेशी असूनही तोल टिकत नाही. प्लाझ्मा हे इथलं पाणी आणि चुंबकीय क्षेत्र ही हवा. त्यात प्लाझ्मा स्वतः वीज वाहतो, म्हणजे स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. तो हलला की त्याला धरणारं क्षेत्रही हलतं. पाणी आपल्या पेल्याचा आकार बदलू लागलं तर काय होईल, तशी ही गत.

मोठ्या अस्थिरता हळूहळू काबूत आल्या. मग बारीक दुखणं उघडं पडलं. कागदावरच्या गणिताप्रमाणे उष्णता अगदी सावकाश झिरपायला हवी होती, प्रत्यक्षात ती कितीतरी पट वेगाने पळत होती. कारण सापडलं खळबळीत. मध्यभागी १५ कोटी अंश आणि दोन मीटरवर भिंत. एवढा उतार असला की प्लाझ्मात भोवरे उठणारच. शेगडीवर वरण उकळताना बघा. बुडाची उष्णता वर नेण्याचं काम वरणाचे गोळे स्वतःच फिरून करतात, डावाने ढवळावं लागत नाही. प्लाझ्मातले हे भोवरे जेमतेम काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटरचे, पण गाभ्यातली उष्णता हातोहात काठाकडे पोचवतात. या खळबळीचं गणित करायला आजही जगातले बलाढ्य महासंगणक लागतात.

१९८२ साली जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्खिंगला, फ्रिट्झ वॅग्नर ‘आस्डेक्स’ टोकामॅकवर काम करत होते. तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे नेली आणि प्लाझ्माने अचानक चालच बदलली. उष्णता टिकण्याचा काळ जवळपास दुप्पट झाला. कोणत्याही सिद्धांताने हे आधी सांगितलेलं नव्हतं. नंतर उलगडा झाला तो असा. काठाजवळचे प्लाझ्माचे थर एकमेकांशेजारून वेगवेगळ्या गतीने घसरू लागतात आणि मध्ये सापडलेल्या भोवऱ्यांच्या चिंध्या होतात. भोवरे मेले की गळती थांबते. काठावर काही सेंटिमीटर जाडीची जणू रजईच तयार होते. या अवस्थेला एच-मोड म्हणतात आणि ईटरची सगळी आखणी तिच्यावरच बेतली आहे.

मग औषधाचं दुखणं. रजईच्या आत दाब चढत जातो आणि ठरावीक मर्यादेला काठ फुटतो. कुकरची शिट्टी व्हावी तसा उष्णतेचा फवारा भिंतीवर येतो आणि काठ पुन्हा मिटतो. थोड्या वेळाने पुन्हा शिट्टी. लहान यंत्रात हे चालून जातं, ईटरएवढ्या यंत्रात प्रत्येक शिट्टीला भिंतीचा थोडा थोडा भाग झिजेल. त्यावर उपाय म्हणजे काठाजवळच्या चुंबकीय क्षेत्रात मुद्दाम बारीक सुरकुत्या पाडायच्या, म्हणजे दाब शिट्टीविना थोडा थोडा झिरपत राहतो. त्यासाठी ईटरच्या पोकळीच्या आत २७ खास वेटोळी बसवायची आहेत. सुरकुती जास्त पडली तर रजईच फाटते, कमी पडली तर शिट्टी थांबत नाही.

भांड्याला खरा धोका आहे तो प्लाझ्मा एकदम कोसळण्याचा. पीळ द्यायला प्लाझ्मातून वीज सोडली होती, आठवतं? आपल्या गिझरचा सॉकेट १५-१६ अँपिअरचा असतो. ईटरच्या प्लाझ्मातून दीड कोटी अँपिअर वाहायचे आहेत, असे दहा लाख सॉकेट एकाच वेळी चालू असल्यासारखे. तोल गेला की हा सगळा डोलारा क्षणात ढासळतो. प्लाझ्मातली साठलेली उष्णता काही मिलिसेकंदांत भिंतीवर येते. ईटरमध्ये ती सुमारे ३५० मेगाज्यूल असेल. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतलं थंडगार पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा पुरते. ती अर्ध्या ग्रॅममधून, निमिषात, भिंतीच्या वरच्या पातळ थरावर! पाठोपाठ प्रवाह ओसरताना काही इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाला पोचतात आणि त्यांचा झोत एका जागी आदळला तर धातूला भोकही पडू शकतं. उपाय असा शोधलाय की कोसळण्याची चाहूल लागताच गोठवलेल्या निऑन-हायड्रोजनची गोळी फोडून तिचे तुकडे प्लाझ्मात मारायचे. मग उष्णता एका जागी न आदळता प्रकाश होऊन चहूकडे पसरते. चाहूल लवकर लागावी म्हणून संगणकालाही शिकवलं जातंय. २०२४ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने सान दिएगोच्या टोकामॅकवर असा बिघाड ३०० मिलिसेकंद आधी ओळखून टाळून दाखवला. प्रयोगशाळेत प्लाझ्मा कोसळला तर शास्त्रज्ञ त्यातून शिकतात. वीज विकणाऱ्या कंपनीचा प्लाझ्मा कोसळला आणि भिंत खराब झाली, तर दुरुस्तीला कित्येक महिने जातील आणि तोवर शहराला वीज द्यायची कुठून?

यातून सुटायचा एक मार्ग टोकामॅकइतकाच जुना आहे. प्लाझ्मात वीज सोडायचीच नाही, पीळ बाहेरच्या चुंबकांनीच द्यायचा. १९५१ मध्ये लायमन स्पिट्झर यांनी सुचवलेलं हे यंत्र म्हणजे स्टेलरेटर. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डचा ‘वेंडेलस्टाइन ७-एक्स’ २०१५ पासून चालू आहे आणि त्यात अशी कोसळाकोसळ होत नाही. पण त्याची ५० मुख्य वेटोळी बघावीत, एकही सपाट नाही, पिळून टाकलेल्या ओल्या टॉवेलसारखी. ती काही मिलिमीटरही इकडेतिकडे चालत नाहीत. अमेरिकेत प्रिन्स्टनला असंच एक यंत्र अर्धवट बांधून २००८ मध्ये रद्द करावं लागलं. खर्च हाताबाहेर गेला.

घराला मोरी लागते तशी टोकामॅकलाही लागते. संमीलनातून तयार झालेला हेलियम ही राख आहे, ती आत साचली की चुलीसारखीच आग मंदावते. ती आणि काठावरून सुटलेली उष्णता तळाशी एका खोबणीत उतरवायची. या भागाला डायव्हर्टर म्हणतात. अडचण अशी की उतरणारा पट्टा फार अरुंद असतो. आजच्या यंत्रांवरून काढलेला एक अंदाज तर ईटरसाठी एखाद मिलिमीटर रुंदीचा आहे. तळाच्या फरश्यांना चौरस मीटरमागे १० मेगावॅट सतत सोसावे लागतील, म्हणजे मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हाच्या दहा हजार पट. पूर्वी इथे कार्बनच्या फरश्या असत. कार्बन उष्णता छान सोसतो, पण ट्रिटियम शोषून धरतो, आणि ट्रिटियम किरणोत्सारी आहे, शिवाय दुर्मीळ. म्हणून टंगस्टन आणलं, जे ३,४२२ अंशांपर्यंत वितळत नाही. पण टंगस्टनचे अणू उडून गाभ्यात शिरले तर ते तिथली उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर फेकतात. लाखात पाच-दहा अणू मिसळले तरी आग मालवते. मग तळाशी निऑन किंवा नायट्रोजन सोडून झोत फरशीला लागण्याआधीच निववायचा. तो वायू जास्त झाला तर गाभाच निवतो.

चुंबक जोरदार केले तर? संमीलनाची शक्ती चुंबकीय क्षेत्राच्या चौथ्या घातानुसार वाढते, क्षेत्र दुप्पट केलं की सोळा पट. अमेरिकेत एमआयटीतून निघालेल्या कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स या कंपनीने २०२१ मध्ये नव्या अतिवाहक (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या) पट्टीचा चुंबक २० टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) नेऊन दाखवला. त्याच्या जोरावर ते ‘स्पार्क’ हे ईटरहून खूप लहान यंत्र बांधताहेत. मला स्वतःला या वाटेकडून मोठी आशा आहे. लहान यंत्र लवकर उभं राहतं, चुका लवकर कळतात. पण मोरीही तेवढीच लहान होते आणि तीच उष्णता कमी फरश्यांवर येते.

आता हिशेब. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीने लेझरने २.०५ मेगाज्यूल देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळवले. वेगळ्या वाटेने का होईना, आग खरोखर पेटली. पण ते लेझर चालवायला विजेच्या तारांतून ३०० मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा घेतली होती. चुंबकांच्या वाटेवर ब्रिटनमधल्या ‘जेट’ या टोकामॅकने १९९७ मध्ये २४ मेगावॅट देऊन १६ मिळवले. २०२३ मध्ये निरोपाच्या प्रयोगांत ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल काढून विक्रम केला, तरी दिलं त्याहून मिळालं कमीच. ईटरचं लक्ष्य ५० मेगावॅट देऊन ५०० मिळवण्याचं आहे, तेही नुसत्या उष्णतेच्या रूपात. तिथे वीज तयार व्हायचीच नाही. बाजारात उतरायचं तर दिल्याच्या निदान पंचवीस-तीस पट मिळायला हवं. ट्रिटियमही निसर्गात जवळपास नाही. बारा वर्षांत निम्मा नाहीसा होतो, तो भिंतीतल्या लिथियमवर न्यूट्रॉन आदळवून भट्टीतच पिकवावा लागणार. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या सगळ्यातला सर्वांत उत्सुक करणारा प्रश्न अजून पुढेच आहे. सुरुवातीची वाटणी आठवा, हेलियमकडे राहिलेला पाचवा हिस्सा. आजवरच्या टोकामॅकमध्ये प्लाझ्मा मुख्यतः बाहेरून तापवला गेला. ईटर ठरल्याप्रमाणे चालला तर ५०० मधले १०० मेगावॅट हे हेलियम कण आतल्या आत देतील आणि बाहेरून फक्त ५०. म्हणजे दोन तृतीयांश आग स्वतःवर जगेल आणि आपल्या हातातला नॉब तेवढा दुबळा होईल. त्यात हे हेलियम कण फार वेगवान. प्लाझ्मातल्या क्षेत्ररेषा तंबोऱ्याच्या तारांसारख्या कंप पावतात. १९४२ मध्ये हान्स आल्फवेन यांनी या लहरींचं गणित मांडलं. हेलियमची चाल या लहरींच्या तालाशी जुळली, तर झोक्याला वेळेवर धक्का मिळावा तशा त्या वाढत जातात आणि आपली उष्णता प्लाझ्माला देण्याआधीच हेलियम बाहेर भिरकावला जाऊ शकतो. काही गणितं उलट सांगतात की वेगवान कण खळबळ दाबायला मदतच करतील. दोन्ही बाजूंचे पुरावे लहान यंत्रांतले आहेत, जिथे आग स्वतःवर कधी जगलीच नाही.

ईटरच्या भोवतीचं तीस मीटरच्या आसपास उंचीचं पोलादी वेष्टन भारताने दिलं, त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला घडले. २०२४ साली जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे तिथले प्रयोग २०३४ ला सुरू होतील आणि ड्युटेरियम-ट्रिटियम २०३९ ला आत जाईल. स्पार्क कदाचित त्याआधी पोचेल. त्या दिवशी बाहेरची शक्ती थोडी कमी करतील आणि तापमानाच्या आलेखाकडे बघत बसतील, तो खाली येतो की आहे तिथेच राहतो.